मोरचूद आणि बहात्तर तास

मोरचूद म्हटलं की निफाड-पिंपळगावच्या माणसाला द्राक्षबाग आठवते. माझ्या मामांच्या बागेत केवडा रोगावर बोर्डो फवारलं जायचं, मोरचूद आणि चुना यांचं मिश्रण. फवारणी झाली की पानांवर निळसर पांढरे ठिपके वाळून राहायचे आणि आम्हा मुलांना त्या दिवशी बागेत पाऊल टाकायची बंदी असायची. फ्रान्समध्ये १८८५ साली मिलार्दे यांनी हे मिश्रण शेतकऱ्यांपुढे ठेवलं. त्यानंतर बरोबर सत्तर वर्षांनी, १९५५ साली, सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका मत्स्यालयातून असं छापून आलं की हाच निळा खडा समुद्री माशांचा जीव वाचवतो. खाऱ्या पाण्यातले मासे पाळणाऱ्यांचा पुढचा सगळा काळ या खड्याशी जुळवून घेण्यात गेला, आणि जे मासे त्याच्याशी जुळवून घेऊ शकत नव्हते त्यांच्यासाठी दुसरी वाट शोधण्यात गेला. या दुसऱ्या वाटेची हकिगत मराठीत कुणी सांगितलेली माझ्या वाचनात नाही, म्हणून सांगते.

माझं आयुष्य गिरगावात पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकापाशी गेलं. पावसाळा लागला की मलेरियाच्या स्लाइडचा ढीग पडायचा. समुद्री मासे मी घरी पाळते ते त्यानंतरच्या वेळात. पण त्या वेडाचं मूळ जुनं आहे. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालय आमच्या घरापासून पायी जाण्याइतकं जवळ होतं, आणि काचेपलीकडचा बटरफ्लाय फिश बघत मी लहानाची मोठी झाले. माशाच्या अंगावरचा चिकट पदार्थ काचपट्टीवर घेऊन मी पहिल्यांदा भिंगाखाली पाहिला, तेव्हा गरगर फिरणारा तो एकपेशीय जीव मला अनोळखी वाटला नाही. मलेरियाचा परजीवी आणि हा, दोघांचंही आयुष्य टप्प्याटप्प्याचं. मलेरियाचा थोडे दिवस माणसात, थोडे दिवस डासात; हा थोडे दिवस माशावर, थोडे दिवस पाण्यात. आणि दोघांचंही औषध कधी ना कधी एकच होणार होतं.

समुद्राचं पाणी घरात आणून त्यात जीव जगवण्याची हौस इंग्लंडमधली. १८४६ साली ॲना थिन या बाईंनी टॉर्कीहून लंडनला प्रवाळ आणले आणि मोलकरणीला पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायला लावून, म्हणजे त्यात हवा मिसळून, ते जगवले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडलं आणि पुढच्या वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने सगळ्या देशाला काचेच्या पेटीचं वेड लावलं. त्या पिढीची झुंज आजाराशी नव्हती, सडणाऱ्या पाण्याशी होती. क्रिस्टल पॅलेसचं मत्स्यालय १८७१ साली उभं राहिलं तेव्हा विल्यम लॉइड यांनी जमिनीखाली अंधारे हौद बांधून तिथलं पाणी सतत खेळतं ठेवलं. असे उपाय सापडत गेले तसे मासे आठवड्यांऐवजी महिने जगू लागले. रोग दिसू लागले ते त्यानंतरच. रोग जडायलासुद्धा मासा आधी जगावा लागतो.

१९३१ साली लंडन प्राणिसंग्रहालयाच्या मत्स्यालयातल्या माशांच्या कल्ल्यांवर ई. एम. ब्राउन यांना एक नवा जीव सापडला. आजारी माशाच्या अंगावर सोनेरी भुकटी सांडल्यासारखी दिसते, म्हणून पाळणारे या रोगाला वेल्व्हेट म्हणतात. त्या जीवाचं आजचं शास्त्रीय नाव ॲमिलूडिनियम. पाच वर्षांनी न्यूयॉर्क मत्स्यालयातले रॉस निग्रेली यांनी त्याचं पूर्ण जीवनचक्र लिहून काढलं. दुसरा रोग पांढऱ्या ठिपक्यांचा, मीठ भुरभुरल्यासारखा. पाळणाऱ्यांच्या भाषेत ‘इक’. त्याचा परजीवी जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ साली पाहिला आणि १९५१ साली ब्राउन यांनीच त्याला क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे नाव दिलं. गोड्या पाण्यातल्या माशांनाही असेच पांढरे ठिपके येतात, त्यामुळे हे दोन परजीवी सख्खे भाऊ असणार असं बरीच वर्षं मानलं गेलं. जनुकं तपासल्यावर कळलं की नातं दूरचं आहे.

या दोन्ही जीवांचा शोध मोठ्या शहरांच्या मत्स्यालयांत लागला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. उघड्या समुद्रात क्रिप्टोकॅरिऑनची पिल्लं पाण्यात सुटतात तेव्हा त्यांच्या हाती एक-दोन दिवस असतात, आणि मासा पकडण्याची धमक तर काही तासांतच ओसरते. अथांग पाण्यात बहुतेकांना मासा भेटतच नाही. काचेच्या पेटीत मासा वीतभर अंतरावर असतो आणि त्याला पळायला जागा नसते. परजीवी मासा सोडून तळाशी पुटी, म्हणजे स्वतःभोवती कवच, करतो; अशा एका पुटीतून दोनशेपर्यंत पिल्लं बाहेर पडतात. समुद्रात ज्याने माशाला जेमतेम खाज सुटली असती, तोच परजीवी टँकमध्ये आठ-पंधरा दिवसांत सगळे मासे संपवतो.

आता सॅन फ्रान्सिस्कोकडे वळते. गोल्डन गेट पार्कमधलं स्टाइनहार्ट मत्स्यालय १९२३ सालचं. तिथले रॉबर्ट डेम्पस्टर यांनी वेल्व्हेटवर मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, वापरून पाहिलं आणि १९५५ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्या काळात हे किती मोठं होतं ते आज लक्षात यायचं नाही. प्रवाळांमधले नाजूक मासे बोटीने, विमानाने यायचे आणि महिन्याभरात वेल्व्हेटने जायचे. कॉपरने पहिल्यांदा त्यांना हमखास जगवलं.

पण ही वाट फार अरुंद होती. समुद्राच्या पाण्यात सुटं कॉपर लिटरमागे ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम इतकंच हवं. त्याच्या खाली परजीवी मरत नाही आणि वर गेलं की माशाचे कल्ले जळू लागतात. मोरचुदाच्या खड्यात कॉपर असतं सुमारे चौथा हिस्सा. म्हणजे शंभर लिटर पाण्याला ऐंशी मिलिग्रॅम मोरचूद पुरतं. साध्या चिमटीतही त्याच्या कित्येक पट येतं. त्यातून मामांच्या बागेतलं रसायनशास्त्र इथेही आडवं येतं. बोर्डोमध्ये चुना कॉपरला धरून ठेवतो म्हणून पान जळत नाही. टँकमध्ये प्रवाळाची वाळू आणि शिंपले म्हणजे चुन्याचाच भाऊबंद. सकाळी घातलेलं कॉपर संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर जाऊन बसतं, पाणी औषधावाचून राहतं, माणूस पुन्हा औषध घालतो, आणि पाण्याची आम्लता वाढली की वाळूवर बसलेलं कॉपर परत सुटू शकतं. यावर उपाय म्हणून कॉपरला दुसऱ्या रेणूंत गुंफून ठेवणारी तयार औषधं आली. त्यांची मात्रा सुट्या कॉपरच्या दहापटीच्या आसपास असते. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर काय होईल ते सांगायला नको. औषध मोजून न घालता ‘अंदाजाने दोन झाकणं’ सांगणारे दुकानदार मी पाहिले आहेत. आजाराने गेला म्हणून टाकून दिलेला मासा खरं तर औषधाने गेलेला असतो, हेही मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे, आणि दर वेळी मला तितकाच संताप येतो.

कॉपर फक्त पाण्यात सुट्या फिरणाऱ्या पिल्लांना मारतं. माशाच्या कातडीखाली बसलेला क्रिप्टोकॅरिऑन आणि तळाशी पुटी करून पडलेला, दोघेही सुरक्षित राहतात. म्हणून माशाला आठवडेच्या आठवडे त्या पाण्यात ठेवावं लागतं. टँगसारखा दणकट मासा ते सोसतो. सगळ्यांना सोसत नाही. बुटके एंजलफिश म्हणजे सेंट्रोपायजी प्रजातीतले मासे, कित्येक बटरफ्लाय, खवले नसलेले मँडरिन हे कॉपरमध्ये खाणं टाकतात. शार्क आणि पाकट यांना तर कॉपर देऊच नये असं सांगतात. जो मासा निसर्गात दिवसभर खडकावर थोडं थोडं टिपत राहतो, त्याने चार दिवस खाल्लं नाही की परजीवी गेला काय नि राहिला काय, मासा जातोच. आणि ज्या जाती दुर्मिळ आहेत, त्यांतल्या पुष्कळशा याच गटातल्या.

याच सुमारास जकार्ताहून वेगळाच सूर उमटला. ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकन मासिकात लिहिलं की त्यांनी समुद्रातून उचललेला जिवंत खडक आणि साधा हवेचा बुडबुडा एवढ्यावर प्रवाळ आणि मासे एकत्र जगवले आहेत. आजचे सगळे रीफ टँक या विचारातून आले. पण जिवंत खडक आला आणि कॉपर घरातून बाहेर गेलं, कारण कॉपर प्रवाळ, कोळंबी, शंख यांपैकी कशालाच जगू देत नाही. आजारी माशाला उचलून वेगळ्या, उघड्याबोडक्या टँकमध्ये नेणं भाग पडलं. तिथे लपायला खडक नाही, टिपायला शेवाळ नाही. संवेदनशील माशाला औषधाइतकाच या ओसाड जागेचाही त्रास होतो, हे ध्यानात यायला पाळणाऱ्यांना बराच काळ लागला. आज त्या टँकमध्ये प्लास्टिकच्या नळ्यांचे तुकडे टाकतात. माशाला आत शिरून बसता आलं की तो खायला लागतो.

साठच्या दशकात आणखी एक अनर्थ सुरू झाला, त्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. फिलिपिन्समध्ये मासे बधिर करून पकडायला सायनाइड वापरू लागले. असा मासा दिसायला तेजस्वी असतो, खातोही, आणि काही आठवड्यांनी कारण न दाखवता मरतो. त्या मृत्यूंचं खापर कितीदा परजीवीवर आणि कितीदा औषधावर फुटलं असेल याचा हिशोब लागणं शक्य नाही. मुंबईत येणारा मासा कुठून आणि कसा पकडलेला आहे, हे विकत घेणाऱ्याने विचारायलाच हवं.

न्यूयॉर्कचं मत्स्यालय दरम्यान बॅटरीहून ब्रुकलिनमध्ये कोनी आयलंडला गेलं होतं. तिथे निग्रेलींनी लोम यांच्याबरोबर १९७० साली आणखी एक परजीवी नोंदला आणि ब्रुकलिनवरून त्याला ब्रुकलिनेला म्हटलं. क्लाउनफिशच्या अंगावर पांढरी साय येते ती याची. याच्यावर कॉपर चालत नाही, फॉर्मेलिन लागतं. एकच औषध सगळ्यावर चालवण्याचे दिवस तिथे संपायला हवे होते. आजही ते संपलेले नाहीत, कारण घरोघरी सूक्ष्मदर्शक नाही. मी शेजाऱ्यांच्या माशांच्या स्लाइड करून देते. पांढरा ठिपका आणि पांढरी साय यांत फरक आहे एवढं कळलं तरी अर्धं काम होतं.

दुर्मिळ माशावर प्रयोग करता येत नाहीत. मात्रा ठरवायची तर दहा मासे लागतात, त्यांतले काही मरू द्यावे लागतात. ज्या जातीचा एक मासा मिळाला तरी बातमी होते, तिच्यावर हे कोण करणार? म्हणून नाजूक माशांना उपयोगी पडलेलं ज्ञान आलं ते ताटात वाढायच्या माशांकडून. तांबड्या समुद्राच्या टोकाशी इलात गाव आहे. तिथे आंजेलो कोलोर्नी हे संशोधक गिल्टहेड ब्रीम या खाण्याच्या माशाच्या शेतीतला क्रिप्टोकॅरिऑन अभ्यासत होते. एवढ्या माशांना, जे पुढे माणसांच्या पोटात जाणार त्यांना, आठवडेच्या आठवडे कॉपरमध्ये कसं ठेवायचं? त्यांनी परजीवीचं वेळापत्रक मांडलं. माशाच्या अंगावर तो साधारण तीन ते सात दिवस राहतो, मग बहुधा अंधारात मासा सोडतो आणि तळाशी पुटी करतो. त्या पुटीतून पिल्लं बाहेर यायला कमीत कमी तीन दिवस लागतात, कधी चार आठवडेही. मग मासाच दर तीन दिवसांनी दुसऱ्या कोरड्या, धुतलेल्या टाकीत हलवला तर? पुट्या जुन्या टाकीत राहतील, आणि त्या फुटण्याआधी मासा तिथून निघून गेलेला असेल. १९८७ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. चार वेळा टाकी बदलली की अंगावर काही उरत नाही. औषधाचा थेंबही लागत नाही.

मलेरियाच्या स्लाइड पाहिलेल्या माणसाला याची गोडी लगेच कळते. आम्हाला शिकवलं होतं की ताप दर तिसऱ्या दिवशी का चढतो ते समजून घ्या, परजीवी त्याच्या घड्याळावर चालतो. कोलोर्नींनी ते घड्याळ वाचलं आणि माशाला त्याच्या एक पाऊल पुढे ठेवलं. बुटक्या एंजलफिशसाठी मी हीच पद्धत वापरते. एकसारखे दोन टब, हवेचा पंप, आणि बहात्तर तासांच्या आत हलवणं, एक तासही उशीर नाही. रिकामा झालेला टब धुऊन उन्हात कडक वाळवायचा. मुंबईच्या पावसाळ्यात हे वाळवणंच सगळ्यात कठीण, म्हणून जुलै-ऑगस्टात मी नवा मासा आणत नाही.

माशांच्या शेतीकडून आणखी एक वाट मिळाली, खारेपणा उतरवण्याची. समुद्राचं पाणी हजारी पस्तीस खारं. ते हळूहळू सोळाच्या खाली आणलं की क्रिप्टोकॅरिऑनच्या पुट्या फुटून नष्ट होतात आणि बरेचसे मासे मात्र तरतात. शार्क-पाकटांना हे चालत नाही, त्यांच्या रक्तातला युरिया समुद्राच्या खारेपणाशी बांधलेला असतो.

दुर्मिळ म्हणजे किती दुर्मिळ, याचं एक उदाहरण देते. कुक बेटांतल्या रारोटोंगाजवळ पन्नास मीटरपेक्षा खोल पाण्यात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक बुटका एंजलफिश राहतो, पेपरमिंट एंजल. १९९२ साली रिचर्ड पाइल आणि जॉन रँडल यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. असा मासा वर आणताना पाण्याचा दाब कमी होतो आणि त्याची वाताशयाची पिशवी फुगून तो मरतो. म्हणून पाणबुड्याने वाटेत थांबून सुईने त्यातली हवा काढायची असते. १९८६ साली पलाऊमध्ये पाइल स्वतः दाबाच्या आजाराने मरता मरता वाचले होते, त्यामुळे वर येण्याच्या वेगाविषयी ते फार जागरूक झाले. पुढे त्यांच्या लक्षात आलं की ज्या दिवशी मासे पकडले त्या दिवशी बुडी मारल्यानंतर थकवा कमी येतो, कारण माशाच्या पिशवीतली हवा काढायला ते खोलवर थांबलेले असतात. पाणबुड्यांच्या जगात अशा थांब्यांना त्यांचं नाव मिळालं. माशाची काळजी घेता घेता माणसाला स्वतःच्या शरीराविषयी असं काही समजावं, ही या सगळ्या इतिहासातली माझी सर्वांत आवडती घटना आहे. इतक्या सायासाने वर आलेल्या माशाला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला तर त्याच्यावर मोरचुदाचा अंदाज कोण घेईल? तिथे टाकी बदलणंच शहाणपणाचं.

आता क्लोरोक्विन. १९३४ साली जर्मनीत बायरच्या हान्स आंडरझाग यांनी ते तयार केलं. आमच्या पिढीतल्या मुंबईकराने त्याची कडू गोळी कधी ना कधी गिळलेली असते. लॅबमध्ये स्लाइड पॉझिटिव्ह आली की डॉक्टर तीच लिहायचे. १९८८ साली ते रेड ड्रम या माशाच्या वेल्व्हेटवर वापरल्याचं प्रसिद्ध झालं, हाही अमेरिकेतला खाण्याचाच मासा. कल्ले न जाळता ते परजीवीच्या सुट्या पिल्लांना मारतं, आणि कॉपर न सोसणाऱ्या बऱ्याच जातींना ते सोसतं. काही व्रास मासे मात्र त्यात कोमेजतात. २०२० च्या मार्चमध्ये कोविडच्या भीतीने ॲरिझोनातल्या एका माणसाने माशांच्या टँकचं क्लोरोक्विन फॉस्फेट गिळलं आणि तो मेला. त्याच महिन्यात भारताने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या निर्यातीवर निर्बंध आणले. मासे पाळणाऱ्यांना तेव्हा क्लोरोक्विन मिळेनासं झालं आणि अनेकांनी कोलोर्नींची पद्धत पहिल्यांदा हाती घेतली ती त्यावेळी.

ती पद्धत वेल्व्हेटला लागू पडत नाही. ॲमिलूडिनियमची एक पुटी २५६ पिल्लांपर्यंत वाटली जाते आणि ती पिल्लं पाण्यात दिवसचे दिवस माशाची वाट पाहू शकतात. खारेपणा उतरवला तरी त्यांना फारसा फरक पडत नाही. कल्ल्यांना रोग झाला तर दोन-तीन दिवसांत मासा संपतो. आजही तिथे कॉपर किंवा क्लोरोक्विन हेच मुख्य खांब आहेत, आणि बुटक्या एंजलसाठी दोन्हींची मात्रा ठरवणं हे जोखमीचं काम आहे. मी कॉपर एकदम घालत नाही. दोन-तीन दिवसांत थोडं थोडं चढवते, रोज सकाळ-संध्याकाळ मोजते, आकडा वहीत लिहिते आणि मासा खात असेल तरच पुढचा थेंब घालते. जिताड्याला आणि कोबियालाही हा वेल्व्हेट होतो. अलिबागच्या खाजणांत आणि मंडपमच्या पिंजऱ्यांत या माशांची शेती आता होऊ लागली आहे, त्यामुळे तिथले संशोधक वेल्व्हेटविषयी काय प्रसिद्ध करतात ते मी आवर्जून वाचते.